मायक्रोस्कोपवर जुना कॅमेरा: भिंग नसलेल्या पेटीचं गणित

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कॅमेऱ्यांचा ढीग उपसताना एखादे वेळी एक वेगळीच वस्तू हाती लागू शकते. खाली नळीवर आवळायचं धातूचं कडं, मधे ठोकळा, त्या ठोकळ्यातून तिरकी बाहेर आलेली बोटभर दुर्बीण आणि सगळ्यात वर लायका कॅमेऱ्याच्या मापाचे आटे. पुढे भिंग दिसत नाही, म्हणून पाहणारा तिला अर्धवट समजून परत ठेवतो. ती अर्धवट नसते. जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीनं आपला लायका कॅमेरा मायक्रोस्कोपवर बसवता यावा म्हणून ही जोडणी काढली होती. तिचं नाव ‘मिकास’. पुढे निकॉन, ऑलिंपस आणि झाइस यांनीही अशा जोडण्या काढल्या. आज या वस्तू, आणि त्यांच्यावर बसणारे जुने ३५ मिलिमीटरचे कॅमेरे, नव्या वैज्ञानिक कॅमेऱ्यांच्या मानानं खूपच कमी पैशांत मिळतात. त्या कशा चालतात हे एकदा समजलं की त्यांच्याकडून उत्तम काम करून घेता येतं.

आधी हे पाहू की कॅमेऱ्याला भिंग का नको. मायक्रोस्कोपमधे प्रतिमा दोन टप्प्यांत बनते. स्लाइडजवळचं ऑब्जेक्टिव्ह नळीच्या वरच्या तोंडापासून साधारण १० मिलिमीटर खाली पहिली प्रतिमा बनवतं. ती खरी प्रतिमा असते, म्हणजे तिथे कागद धरला तर कागदावर उमटेल. आयपीस म्हणजे ही प्रतिमा मोठी करून पाहण्याचं भिंग. आयपीसमधून किरण समांतर बाहेर पडतात, म्हणून डोळ्यावर ताण न येता दिसतं. पण समांतर किरण फिल्मवर कुठेच एकत्र येत नाहीत. त्यांना एकत्र आणायला वर आणखी एक भिंग लागतं, नाहीतर आयपीसलाच प्रतिमा फिल्मवर फेकायला लावावं लागतं.

पहिला मार्ग सोपा वाटतो. कॅमेऱ्याचं भिंग अनंतावर ठेवायचं आणि आयपीसच्या अगदी जवळ आणायचं. हे चालतं, पण नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगानं चित्र गोल येतं आणि कोपरे काळे राहतात. हिशोब करून पाहा. १० पट आयपीसचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर असतं. ५० भागिले २५ म्हणजे पहिली प्रतिमा फिल्मवर दुप्पट होणार. आयपीसमधून दिसणारं क्षेत्र १८ मिलिमीटरचं असेल तर फिल्मवर ३६ मिलिमीटरचं वर्तुळ पडेल, आणि २४ बाय ३६च्या फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. ८५ मिलिमीटरचं भिंग लावलं तर तेच वर्तुळ ६१ मिलिमीटरचं होतं आणि फ्रेम पूर्ण भरते.

दुसऱ्या मार्गात कॅमेऱ्याचं भिंग काढून टाकतात. आयपीसवर रिकामा कॅमेरा बसतो आणि स्लाइडवर पुन्हा फोकस केलं की फिल्मवर चित्र येतं. इथे एक खोच आहे, आणि बरेच जण नेमके तिथेच फसतात. पुन्हा फोकस केल्यामुळे ऑब्जेक्टिव्ह आपल्या ठरलेल्या जागेवरून हलतं. ते बहुधा १६० मिलिमीटर नळीसाठी घासून बनवलेलं असतं. फिल्म ८० मिलिमीटरभर वर असेल तर पहिली प्रतिमा जवळजवळ सात-आठ मिलिमीटर खाली सरकते. १० पट ऑब्जेक्टिव्हला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ४० पट आणि त्यावरच्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हच्या चित्रावर दुधाळ पडदा आल्यासारखं होतं. यावरचा जुना उपाय अगदी साधा आहे. स्लाइडला हात लावायचा नाही, आयपीसच वर उचलायचा. त्याच्या काठाखाली सात-आठ मिलिमीटर उंचीचं कडं सरकवलं की पहिली प्रतिमा आपल्या जागी राहते आणि तरीही चित्र फिल्मवर पडतं.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे फोटोसाठीच बनवलेला आयपीस. ऑलिंपसच्या एनएफके मालिकेतला २.५ पटाचा आयपीस हे त्याचं नमुनेदार उदाहरण. त्यावर १२५ हा आकडा कोरलेला असतो, कारण तो १२५ मिलिमीटर अंतरावर प्रतिमा देण्यासाठी आखलेला आहे. फ्रेमचा कर्ण ४३.३, त्याला भागिले २.५ केले की १७.३ येतात, म्हणजे आयपीसमधून दिसणारं जवळजवळ सगळं क्षेत्र फिल्मवर येतं. अंतर मोजताना फिल्मची पातळी नेमकी कुठे आहे ते कळायला हवं. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांच्या डोक्यावर एक छोटं वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ कोरलेली असते. ती रेघ म्हणजेच फिल्मची पातळी.

कोणाचा आयपीस कोणाला लावायचा याबद्दल आमचं मत ठाम आहे: ज्या कंपनीचं ऑब्जेक्टिव्ह, त्याच कंपनीचा आणि त्याच काळातला आयपीस. जुन्या ऑब्जेक्टिव्हमधे रंगांचा थोडा दोष मुद्दाम शिल्लक ठेवलेला असे आणि तो आयपीसमधे उलट दिशेनं दुरुस्त होई. लाइट्झचे पेरिप्लान आणि झाइसचे केपीएल आयपीस असेच आहेत. निकॉननं १९७६ साली सीएफ मालिका आणली आणि ही दुरुस्ती ऑब्जेक्टिव्हमधेच केली. या दोन्हींची सरमिसळ झाली की चित्राच्या मध्यावर सगळं ठीक दिसतं, पण कडेला प्रत्येक पेशीला एका बाजूनं तांबडी आणि दुसऱ्या बाजूनं निळी किनार येते. मग लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

मिकासवर ‘१/३’ का लिहिलेलं असतं, हेही याच गणितातून कळतं. त्याआधी कातडी भात्याचा मोठा कॅमेरा मायक्रोस्कोपवर बसवत. काचेची प्लेट ९ बाय १२ सेंटिमीटरची, आयपीसपासून तिचं अंतर २५० मिलिमीटर. या अंतरावर कोरलेले आकडे जसेच्या तसे लागू पडतात. ४० पट ऑब्जेक्टिव्ह आणि १० पट आयपीस असेल तर प्लेटवर बरोबर ४०० पट चित्र येतं. ३५ मिलिमीटरची फ्रेम प्लेटच्या मानानं साधारण एक-तृतीयांश आहे. तेवढंच दृश्य तिच्यावर मावायचं असेल तर प्रतिमाही एक-तृतीयांश करायला हवी, म्हणून ४०० चे १३३ पट झाले.

इथे मनात शंका येते की इतक्या छोट्या फिल्मवर बारकावा कमी पडत नाही का? नाही पडत. ४० पटाच्या, ०.६५ एनएच्या (एनए म्हणजे ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचा आकडा) ऑब्जेक्टिव्हला हिरव्या प्रकाशात अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचे दोन ठिपके वेगळे दिसतात. १३३ पटीनं ते फिल्मवर सुमारे ०.०७ मिलिमीटर अंतरावर येतात, म्हणजे एका मिलिमीटरमधे जेमतेम १४-१५ रेषाजोड्या. साधी १०० आयएसओची कृष्णधवल फिल्म याच्या कितीतरी पट बारीक टिपते. म्हणून मायक्रोस्कोपच्या फोटोत धूसरपणा आला तर फिल्मला दोष देऊ नये. कारण जवळजवळ नेहमी तिच्या आधीच्या कुठल्यातरी कडीत असतं, आणि त्या कड्यांत सगळ्यात वाईट आहे ती थरथर.

थरथर

१०० पटाचं तेलातलं ऑब्जेक्टिव्ह पाव मायक्रॉनच्या आसपासचे ठिपके वेगळे दाखवतं. म्हणजे शटरच्या उघडझापीच्या वेळी स्लाइड आणि ऑब्जेक्टिव्ह एकमेकांच्या तुलनेत पाव मायक्रॉन जरी हलले तरी ऑब्जेक्टिव्हची अर्धी किंमत पाण्यात गेली. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे आतल्या आरशातून चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, बटण दाबताच आधी आरसा फटकन वर जाऊन आदळतो, मग शटरचा पडदा धावतो. हे सगळं मायक्रोस्कोपच्या डोक्यावर घडतं. थरथर पाव सेकंदभर टिकली आणि उघडझापही १/१५ सेकंदाची असली, तर फोटोचा सगळा वेळ थरथरीतच जातो. उघडझाप चार सेकंदांची असेल तर थरथरीचा वाटा किरकोळ उरतो. म्हणून १/६० ते अर्धा सेकंद हा पट्टा मायक्रोस्कोपवर टाळावा.

आपल्या जोडणीत थरथर किती आहे हे फिल्म न घालता तपासता येतं. वर तिसरी नळी असलेला मायक्रोस्कोप असेल तर ४० पटावर एखादी बारीक कड फोकस करा, दोन्ही डोळ्यांनी नेहमीच्या आयपीसमधून पाहत राहा आणि रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण केबलनं दाबा. चित्र उडी मारताना डोळ्यांना स्पष्ट दिसतं.

यावर तीन उपाय आहेत. पहिला मिकाससारख्या जोडण्यांचा. त्यांच्यात जोडणीतच पाकळ्यांचं शटर असतं. पाकळ्या मध्यापासून सगळ्या बाजूंना सारख्या उघडतात, त्यामुळे धक्का नगण्य असतो. कॅमेऱ्याचं शटर नुसतं उघडं ठेवायचं. दुसरा उपाय म्हणजे कॅमेरा मायक्रोस्कोपला टेकवायचाच नाही. तो वेगळ्या भक्कम स्टँडवर धरायचा आणि दोघांच्या मधे एकात एक सैल बसणारी दोन काळी कडी ठेवायची. प्रकाश आत शिरत नाही आणि धक्काही खाली जात नाही.

तिसऱ्या उपायाला पैसे लागत नाहीत आणि तो सगळ्यात खात्रीचा आहे. खोलीत अंधार करा. दिवा आणि मायक्रोस्कोप यांच्यामधे काळं जाड पुठ्ठ्याचं कार्ड धरा. ते कशालाही टेकता कामा नये. शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवून कुलूप लागणाऱ्या केबलनं उघडा. तीन सेकंद थांबा, म्हणजे आरशाचा आणि पडद्याचा धक्का विरून जाईल. आता कार्ड बाजूला घ्या, दोन किंवा चार सेकंद मोजा आणि कार्ड परत आणा. मग शटर बंद करा. हातानं मोजलेल्या चार सेकंदांत पाव सेकंदाची चूक झाली तरी फिल्मला ती कळत नाही. मायक्रोस्कोपच्या आतच दिवा असेल तर कार्डाऐवजी दिव्याच्या बटणानं हे काम करू नका. हॅलोजनचा दिवा पेटताना आणि विझताना लालसर होतो.

प्रकाश

१८९३ साली जर्मनीत आउगुस्ट कोहलर यांनी प्रकाशयोजनेची पद्धत मांडली, ती मुळात फोटोसाठीच. त्या काळच्या दिव्यात ज्योत किंवा तार जशी असेल तशीच्या तशी प्लेटवर उमटे: मधे पांढरा डाग, कडेला अंधार. डोळा असा उतार सांभाळून घेतो, प्लेट घेत नाही. कोहलर यांनी दिव्याची प्रतिमा स्लाइडवर न पाडता कंडेन्सरच्या (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाच्या) डायफ्रॅमवर, म्हणजे लहान-मोठ्या करता येणाऱ्या छिद्रावर पाडली, आणि त्यामुळे स्लाइडवर सगळीकडे सारखा प्रकाश आला. पुढे १९०० साली ते झाइसमधे गेले.

फोटोआधी दर वेळी हे करायचं: १० पटावर स्लाइड फोकस करा. दिव्याजवळचा डायफ्रॅम बंद करत आणा आणि त्याची कड स्वच्छ दिसेपर्यंत कंडेन्सर वर-खाली करा. ते वर्तुळ कंडेन्सरच्या स्क्रूंनी मध्यावर आणा. मग डायफ्रॅम फ्रेमच्या किंचित बाहेर जाईल एवढाच उघडा. याहून जास्त उघडला तर नळीत फिरणारा फालतू प्रकाश चित्र फिकट करतो. शेवटी आयपीस काढून नळीत पाहा आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम दिसणाऱ्या वर्तुळाच्या पाऊण भागापर्यंत मिटवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की शेवटच्या दोन पायऱ्या परत. उजेड कमी करायला कंडेन्सरचा डायफ्रॅम मिटवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. त्यानं चित्र ठसठशीत वाटतं, पण बारकावा मरतो आणि प्रत्येक कडेभोवती दुहेरी रेघा येतात. उजेड कमी करायचा तर राखाडी फिल्टर घालावा.

रंगीत फिल्म वापरत असाल तर दिव्याचं बटणही फिरवू नका. हॅलोजन पूर्ण व्होल्टेजवर असताना त्याचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विन असतो, व्होल्टेज उतरवलं की तो तांबूस होतो. दिवसाच्या उजेडासाठीची फिल्म ५५०० केल्विनची, म्हणून मधे ८०ए नंबरचा निळा फिल्टर लागतो. कृष्णधवल फिल्मला हिरवा फिल्टर घालावा. साधी अॅक्रोमॅट ऑब्जेक्टिव्ह हिरव्या रंगातच सगळ्यात चोख दुरुस्त केलेली असतात, त्यामुळे स्वस्त ऑब्जेक्टिव्हचंही चित्र लगेच सुधारतं. इओसिन या रंगद्रव्यानं गुलाबी झालेला भागही हिरव्या फिल्टरनं गडद येतो. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्यासाठी नारिंगी किंवा लाल घ्यावा.

फोकस

४० पट आणि १३३ पटीचा हिशोब केला तर फिल्मच्या बाजूनं हे भिंग एफ १००च्या आसपास पडतं, म्हणजे फारच बारीक छिद्राच्या भिंगासारखं. एवढ्या अंधुक प्रकाशात एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधला दुभागलेल्या चित्राचा गोल अर्धा काळा होतो आणि घासलेल्या काचेचे कण चित्रापेक्षा ठळक दिसतात. म्हणून निकॉन आणि ऑलिंपसनं मायक्रोस्कोपसाठी वेगळे स्क्रीन काढले. त्यांच्या मधे स्वच्छ काचेचा गोल आणि त्यावर अधिक चिन्हासारखी बारीक रेघ असते. आधी डोळा आणि रेघ यांचं जुळवून घ्या, रेघ काळी आणि कडक दिसली पाहिजे. मग स्लाइड फोकस करा आणि डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवा. चित्र आणि रेघ एकमेकांवरून घसरत असतील तर फोकस चुकलाय. दोघं चिकटून हलले तर बरोबर आहे. ही रेघ नसेल तर डोळा स्वतःच जुळवून घेतो, स्वच्छ काचेतून सगळंच फोकसमधे वाटतं आणि फिल्म धूसर येते.

आश्चर्य म्हणजे ही चूक ४ पटावर जास्त होते, १०० पटावर कमी. मोठ्या पटीत फोकसची खोली मायक्रॉनभरच असते, त्यामुळे बटण जरा फिरलं की चित्र गेलेलं लगेच दिसतं. छोट्या पटीत डोळा आपल्या ताकदीनं बरंच काही ओढून घेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. चार पटाच्या फोटोला चित्र मोठं करून दाखवणारा भिंगाचा फाइंडर लावावा.

४० पटावर फोकस कितीही केला तरी मऊपणा जात नसेल, तर कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवलेली पातळ काच, तपासा. ऑब्जेक्टिव्हवर ‘०.१७’ लिहिलेलं असतं, ती कव्हरस्लिपची जाडी. जाड थराचा बाम (नमुना चिकटवायचा पारदर्शक डिंक) आणि जाड काच मिळून ०.२२ झाले तर बारकावा हरवतो.

कुठला कॅमेरा घ्यावा

शटरचे सगळे वेग अचूक चालतात का, याला इथे फारशी किंमत नाही. ‘बी’ चालला पाहिजे आणि पेटी अंधारी पाहिजे. निकॉन एफ (१९५९) मजबूत आहे, त्याचे फाइंडर आणि स्क्रीन बदलता येतात, पण आरसा वर अडकवताना एक फ्रेम वाया जाते. एफ२मधे ती जात नाही. ऑलिंपस ओएम-१ हलका आहे, त्याचाही आरसा आधी वर नेता येतो. ओएम-२मधे आरसा असा अडकवता येत नाही. मात्र तो उघडझाप चालू असतानाच फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे लांब वेळांसाठी तो सोयीचा आहे. ड्रेस्डनच्या इहागे कंपनीचा एक्झाक्टा व्हॅरेक्स प्रयोगशाळांत खूप चालला, कारण त्यात कॅमेऱ्याच्या माथ्यावरून पाहता येतं. मायक्रोस्कोपवर चढवलेल्या कॅमेऱ्यात मागून डोळा घालायला मान मोडावी लागते.

घेताना मागचं झाकण उघडून कडेचा काळा स्पंज बोटानं दाबून पाहा. चिकट डांबरासारखा लागला तर तो बदलावा लागेल. ओएम-१मधे हाच स्पंज प्रिझमवर विरघळून त्याची चांदी खातो आणि व्ह्यूफाइंडरमधे डाग दिसतात. ओएम-१चा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत असे. १.५ व्होल्टचा सेल घातला तर आकडा चुकतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. त्याभोवती कडं घालून तो बसतो. कोकण-गोव्याकडच्या पावसाळ्यात राहिलेला आयपीस किंवा प्रिझम उजेडासमोर तिरका धरून जाळीसारखी बुरशी आहे का ते पाहा. भिंगच नसल्यामुळे कॅमेऱ्याला बुरशीचा धोका कमी, पण आयपीसला नक्की आहे.

फ्रेम किती भरते ते फिल्म घालण्याआधी बघून घ्या: झाकण उघडा, शटर ‘बी’वर उघडं ठेवा आणि फिल्मच्या रुळांवर बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. प्रत्यक्ष चित्र त्यावर दिसतं. मधे गोल पांढुरका डाग दिसला तर जोडणीच्या नळीच्या आतून प्रकाश परावर्तित होतोय. आत काळा मखमली कागद लावा.

पहिला रोल मोजणीसाठी. तेजस्वी पार्श्वभूमीवर मीटर नेहमी कमी वेळ सांगतो, कारण तो पांढऱ्याला राखाडी करू पाहतो. त्याच्या आकड्याच्या दुप्पट ते तिप्पट वेळ द्या. एकाच स्लाइडचे अर्धा, १, २, ४, ८ आणि १६ सेकंदांचे फोटो घ्या आणि वहीत ऑब्जेक्टिव्ह, आयपीस, फिल्टर, दिव्याचं व्होल्टेज आणि वेळ लिहा. एका ऑब्जेक्टिव्हची वेळ सापडली की दुसऱ्याची काढता येते: पट भागिले एनए, आणि त्याचा वर्ग. १० पट आणि ०.२५ला एक सेकंद बसला तर ४० पट आणि ०.६५ला सुमारे २.४ सेकंद. एका सेकंदाच्या पुढे फिल्म सुस्तावते. इल्फर्ड एफपी४ प्लसवर हिशोबानं ४ सेकंद आले तर प्रत्यक्ष पावणेसहा द्यावे लागतात.

निगेटिव्ह धुऊन सुकली की भिंगाखाली धरा. सगळ्या कडा सगळ्या दिशांना सारख्याच मऊ असतील तर फोकस चुकला होता. आडव्या कडा कडक आणि उभ्या कडा दुहेरी, किंवा उलट असेल तर ती थरथर आहे. सगळ्या फ्रेममधे एकाच जागी पारदर्शक ठिपका (छापल्यावर तो काळा येतो) असेल तर पुढच्या वेळी आयपीस हळूच फिरवून पाहा. ठिपका फिरला तर धूळ आयपीसवर, नाही फिरला तर ती बहुधा दिव्याजवळच्या काचेवर.